दुखणं नक्की किती कमी झालं? एका फ्रेंच नर्सची आणि इंग्लिशमधल्या डाउन-ऑफ-अवे-आउटची केस

मी मूळची सांगलीची, बरीच वर्षं झाली आता ल्योंला राहते आणि इंग्लिशच्या शिकवण्या घेते, म्हणजे फ्रेंच लोकांना इंग्लिश शिकवणारी मराठी बाई, हे ऐकून सांगलीतले नातेवाईक अजून हसतात. तर ही केस एका नर्सची आहे. नाव सांगत नाही, आपण तिला नर्सबाई म्हणू. चाळिशीची, सर्जरीच्या वॉर्डात पंधरा वर्षं काढलेली, नवऱ्याला लंडनला नोकरी लागली म्हणून हिलाही तिकडे नर्स म्हणूनच काम करायचं होतं. ब्रिटनमध्ये नर्सची नोंदणी नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे होते आणि त्यांना इंग्लिश येतं याचा पुरावा द्यावा लागतो, त्यासाठी आयईएलटीएस नाहीतर ओईटी. ओईटी म्हणजे खास दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठीची परीक्षा, त्यात ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हीत बी ग्रेड पाहिजे आणि लिहिण्यात सी प्लस. बोलण्याच्या पेपरात दोन रोल-प्ले असतात, समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक होतो आणि नर्सने नर्सच व्हायचं.

पहिल्याच शनिवारी मी गुडघ्याचं ऑपरेशन झालेली पेशंट झाले, खुर्चीवर पाय लांब करून बसले, आणि नर्सबाई सुरू झाली. डझ द पेन डिमिनिश? द अ‍ॅनेस्थीशिया विल डिसिपेट इन सम अवर्स. द इन्फ्लमेशन इज गोइंग टु डिक्रीज. वी विल रिड्यूस द डोस. ग्रामरमध्ये चूक नाही, शब्द सगळे डिक्शनरीत सापडणारे, आणि तरी पेशंट म्हणून मला एकदम परकं वाटलं. कसं ते सांगू? समजा तुम्ही मिरजेच्या एखाद्या दवाखान्यात पडलाय आणि नर्स येऊन म्हणाली, "आपल्या वेदनांचे शमन झाले आहे काय? भुलीच्या औषधाचा प्रभाव काही तासांत क्षीण होईल." अगदी तस्संच. साधी नर्स काय म्हणेल, दुखणं कमी आलं का, भूल उतरेल थोड्या वेळात.

यात बिचारीचा दोष नव्हता, इतिहासाचा आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतलं, त्यानंतर दोन-तीनशे वर्षं दरबार, कोर्ट सगळं फ्रेंचमध्ये, आणि त्या वाटेने आणि लॅटिनमधून डिमिनिश, रिड्यूस, डिक्रीज, अबेट असले शब्द इंग्लिशमध्ये शिरले ते कोट-टाय घालूनच. चुलीपाशी मात्र जुने जर्मॅनिक कुळातले छोटे शब्द राहिले, डाउन, ऑफ, आउट, अवे. म्हणजे फ्रेंच माणूस आपल्या घरचा साधा शब्द इंग्लिशमध्ये घेऊन जातो आणि तिथे तो शब्द सुटाबुटात उभा असतो. आपल्याकडे तत्सम शब्दांचं जे होतं तेच.

पण नुसतं पुस्तकी वाटण्याचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलंच नसतं, परीक्षेत थोडे मार्क गेले असते बस. खरी भानगड ऐकण्यात निघाली.

दुसऱ्या आठवड्यात मी पेशंटचं बोलणं वाचून दाखवलं आणि तिला पेशंटच्या माहितीचा कागद भरायला सांगितला. पेशंट म्हणतो, आय हॅव कट आउट द बूझ, बट आय हॅव ओन्ली कट डाउन ऑन द फॅग्ज. फॅग्ज म्हणजे ब्रिटिश बोलीत सिगारेटी. तिने लिहिलं काय, दारू कमी केली, सिगारेट कमी केली. दोन्हीपुढे एकच फ्रेंच क्रियापद, दिमिन्युए. आता बघा, त्या माणसाने दारू पूर्ण सोडली होती आणि सिगारेटी नुसत्या कमी केल्या होत्या. ऑपरेशनच्या आधी दारू पूर्ण बंद केलीय की नुसती कमी केलीय हा फरक नर्सला कळलाच पाहिजे, अचानक सोडली असेल तर हातपाय थरथरणं, घाम, कधी फिट्ससुद्धा येतात, ही गोष्ट तिला माझ्यापेक्षा शंभरपट जास्त माहीत होती, फक्त ती माहिती त्या एका आउटमध्ये बसलेली आहे हे माहीत नव्हतं.

पुढचं वाक्य तर अजून वाईट गेलं. द पेन डाइड डाउन आफ्टर द टॅब्लेट, बट बाय मिडनाइट इट हॅड वोर्न ऑफ. तिला वाटलं वोर्न ऑफ झालं ते दुखणं, म्हणजे मध्यरात्रीपर्यंत दुखणं पूर्ण थांबलं, छान, पेशंट झोपला. खरं तर वोर्न ऑफ झाली होती ती गोळी, म्हणजे गोळीचा असर संपला होता आणि माणूस रात्रभर कण्हत होता! इंग्लिश माणसाला त्या इटचा अर्थ विचारायची गरज सहसा पडत नाही कारण वेअर ऑफ म्हटलं की डोक्यात औषध, भूल, नशा, नवलाई, धक्का असलंच काहीतरी येतं, बाहेरून चढलेलं आणि मग उतरणारं.

मी तिची वही मागितली. फ्रेंच लोकांच्या वह्या फार नीट असतात, चौकटीच्या कागदावर, पट्टीने रेघा मारून. एबीसीडीप्रमाणे फ्रेजल व्हर्ब्जची, म्हणजे मागे डाउन-ऑफसारखा छोटा शब्द लावलेल्या क्रियापदांची यादी आणि समोर फ्रेंच अर्थ. कट डाउन, दिमिन्युए. डाय डाउन, दिमिन्युए. ईज ऑफ, दिमिन्युए. फॉल ऑफ, दिमिन्युए. टेल ऑफ, दिमिन्युए. वेअर ऑफ, दिमिन्युए. पान उलटलं तरी तेच. हे म्हणजे रेशनच्या रांगेत सगळ्यांना एकच आडनाव दिल्यासारखं झालं, कोणाला हाक मारली कोण येणार?

आता हे फ्रेंच माणसालाच का एवढं जड जातं, तर लिओनार्ड टाल्मी नावाचे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८५ च्या आपल्या लेखात हे मांडलंय की काही भाषा हालचालीची दिशा क्रियापदाच्या पोटात ठेवतात आणि काही भाषा ती बाहेर, शेपटीत ठेवतात. इंग्लिश म्हणते स्विम अक्रॉस, पोहणं क्रियापदात आणि पलीकडे जाणं शेपटीत. फ्रेंच म्हणते त्राव्हेर्से आ ला नाज, म्हणजे ओलांडली, पोहून. मराठीचंही तेच, नदी पोहून पार केली. म्हणजे फ्रेंच कानाला सवय अशी की क्रियापद ऐकलं की काम झालं, मागचे छोटे शब्द म्हणजे चिल्लर. आणि कमी होण्याच्या बाबतीत तर इंग्लिशमध्ये मुख्य बातमी त्या चिल्लरमध्येच असते. फ्रेजल व्हर्ब टाळायची खोड काही एकट्या फ्रेंचांची नाही म्हणा, त्याच १९८५ साली डागुट आणि लाउफर या दोघांनी हिब्रू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास छापला होता, तिथेही मुलं फ्रेजल व्हर्ब सोडून एकशब्दी क्रियापदाकडेच पळत होती, कारण हिब्रूमध्ये असा प्रकार नाही. फ्रेंचांना फक्त पळून जायला जागा जास्त चांगली मिळते, कारण ते एकशब्दी क्रियापद त्यांच्या घरचंच असतं.

इथे माझी चूक सांगते. मी हुशारी करायला गेले आणि शेपटांचे नियम बनवले. डाउन म्हणजे कमी झालं पण शिल्लक आहे. आउट म्हणजे संपलं. अवे म्हणजे लांब जात जात दिसेनासं झालं. ऑफ म्हणजे सुटलं, गळलं, उतरलं. बॅक म्हणजे वाढवलेलं परत मागे घेतलं, कट बॅक, स्केल बॅक. छान रंगीत पेनांनी तक्ता केला, फ्रिजवर चिकटव म्हटलं. नर्सबाई पडली प्रोटोकॉलवर वाढलेली, तिने एक आठवडा तो तक्ता पाळला आणि पुढच्या शनिवारी मला पकडलं. म्हणाली, काम डाउन म्हणजे शांत होणं ना, मग काम डाउन झाल्यावर माणूस थोडा चिडलेला शिल्लक राहतो का? आणि हे ईज अप काय आहे, लेट अप काय आहे, द रेन डिड नॉट लेट अप म्हणजे पाऊस उघडला नाही ना, मग तुझ्या तक्त्यात अप कुठंय, अप म्हणजे तर वाढणं! मी म्हटलं कॉफी घे.

तक्ता अगदीच टाकाऊ नव्हता, पण तो उत्तर कळल्यावर पटतो, उत्तर शोधायला उपयोगी पडत नाही. आपल्याकडे निवडणुकीनंतरची विश्लेषणं असतात तसा.

मग झालं काय, त्याच आठवड्यात आईचा फोन. पावसाळ्याचे दिवस, कृष्णेला पाणी चढलेलं, आयर्विन पुलापाशी किती फूट झालं हाच सांगलीत सगळ्यांचा विषय. आई म्हणाली, "पाणी ओसराय लागलंय गं, काळजी करू नको. तुझ्या बाबांचा ताप पण उतरला. पायाची सूज तेवढी अजून उतरली नाही पण ठणका बसलाय." फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की आईने चार गोष्टी कमी झाल्या की नाही ते सांगितलं आणि "कमी" हा शब्द एकदाही वापरला नाही. पाणी ओसरतं, ताप उतरतो, ठणका बसतो, वारा पडतो, राग निवळतो, उत्साह मावळतो, आवाज विरतो, विहीर आटते, गर्दी पांगते, रंग विटतो. आपण काही हे नियमाने शिकलो नाही, ज्या वस्तूचं बोलायचं तिचं क्रियापद तिच्याबरोबरच येतं, लग्नात नवऱ्याबरोबर करवली येते तसं.

आणि मग वाटलं, फ्रेंचमध्येही असणारच की! पुढच्या शनिवारी मी नर्सबाईला म्हटलं आज इंग्लिश बंद. आज फ्रेंच बोलायचं, अट एकच, दिमिन्युए म्हणायचं नाही आणि बेसे पण म्हणायचं नाही, त्याचाही अर्थ कमी होणंच. सांग, तापाचं काय झालं? ती म्हणाली, ला फिएव्र ए तोंबे. ताप पडला. वाऱ्याचं? ल व्हाँ ए तोंबे. वारा पडला! मी खुर्चीतून उठलेच, म्हटलं आमच्याकडे पण वारा पडतोच. गुडघ्याची सूज? देझाँफ्ले, सुजण्याच्या उलट, त्यांच्याकडे त्याला स्वतंत्र शब्दच आहे. भूल? स दिसिपे, धुकं विरळ होतं तसं. जुनी आठवण, जुनं दुःख? सेस्तोंपे. हा शब्द मला फार आवडतो, एस्तोंप म्हणजे चित्रकार पेन्सिलीची रेघ घासून पुसट करायला वापरतात ती कागदाची गुंडाळी, त्यावरून आलेलं क्रियापद. आईचं दूध? तारीर, आटणं, झराही असाच आटतो. संप, आंदोलन? सेसूफ्ले, म्हणजे धाप लागणं, आंदोलनाला धाप लागते, आणि फ्रान्समध्ये राहून हा शब्द न येऊन कसं चालेल. नातेवाइकांचं भांडण? सा व्हा स तासे, हळूहळू खाली बसेल, गाळ बसतो तसं. पूर? त्याला तर नामच आहे, देक्र्यू, सोन आणि ऱ्होन दोन्ही नद्यांच्या शहरात राहणाऱ्या बाईला ते पाठच होतं.

अर्ध्या तासात वहीचं एक पान भरलं आणि एकही दिमिन्युए नव्हतं. मग आम्ही इंग्लिश त्या प्रत्येकापुढे बसवलं. सूज देझाँफ्ले झाली तर द स्वेलिंग हॅज गॉन डाउन. ताप पण गॉन डाउन, किंवा आपण औषध देऊन उतरवला तर वी ब्रॉट इट डाउन. वारा डाइड डाउन. भूल वोर्न ऑफ. आठवण फेडेड अवे. दूध ड्राइड अप, बघा इथे अप आला आणि तिला अजिबात राग आला नाही कारण आता ती अपचा अर्थ शोधत नव्हती, दुधाचा जोडीदार शोधत होती. भांडण ब्लो ओव्हर होईल, वादळ डोक्यावरून निघून जातं तसं. आणि आंदोलन पीटर आउट झालं.

पीटर आउटवर आमचा धडा दहा मिनिटं थांबला. फ्रेंचमध्ये पेते म्हणजे, सभ्य भाषेत सांगायचं तर, पोटातला वायू सोडणं. नर्सबाईला पंधरा वर्षांच्या वॉर्डाच्या अनुभवामुळे या विषयाचं काहीच वाटत नव्हतं, ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. इंग्लिशमध्ये हा शब्द १९व्या शतकात अमेरिकेतल्या खाणकामगारांच्या बोलीतून आला, खडकातली सोन्या-चांदीची शीर हळूहळू बारीक होत संपली की ते पीटर आउट. व्युत्पत्तीबद्दल वाद आहेत आणि त्या वादात हे फ्रेंच पेते पण एक उमेदवार आहे. तो शब्द ती जन्मात विसरणार नाही.

असंच मजेशीर जमलं ते वॉटर डाउन आणि टोन डाउन. फ्रेंचमध्ये म्हण आहे, आपल्या वाइनमध्ये पाणी घालणं, म्हणजे ताठरपणा सोडून थोडं नमतं घेणं. इंग्लिश वॉटर डाउनमध्येही पाणीच आहे पण तिथे त्याचा वास वाईट येतो, अहवाल वॉटर डाउन केला म्हणजे त्यातला दम काढला. आपल्याकडे दुधात पाणी घातलं तर सरळ भेसळ. तीन भाषांत तेच पाणी आणि तीन वेगळ्या अब्रू. म्हणून नमतं घेण्यासाठी तिला टोन इट डाउन दिलं, आणि तिथे दुसरी अडचण आली, ती म्हणायची टोन डाउन इट. फ्रेंचमध्ये सर्वनाम क्रियापदाच्या आधी बसतं, त्यामुळे इंग्लिशमध्ये ते मध्ये खुपसायचं हे तिच्या जिभेला पटेना. टोन इट डाउन, कट इट डाउन, ब्रिंग इट डाउन असं टाळ्या वाजवत म्हणवून घेतलं, लहान मुलांना पाढे म्हणवतात तसं. यात एक फायदा असा की जोर आपोआप शेवटच्या डाउनवर येतो आणि फ्रेंच बोलण्यातही जोर वाक्यखंडाच्या शेवटीच येतो, म्हणजे इथे तरी तिची मातृभाषा तिच्या बाजूने होती.

आता ज्या दोन-तीन क्रियापदांवर आम्ही खरंच वेळ घालवला ती सांगते, कारण बाकी सगळं एका जोडीने सुटतं पण ही सुटत नाहीत, इथे क्रियापद तेच राहतं आणि शेपूट बदललं की पेशंटच बदलतो.

डाय बघा. शेकोटी डोळ्यापुढे आणा. द फायर डाइड डाउन, ज्वाळा बसल्या, निखारे लाल आहेत, फुंकर मारली तर परत पेटेल. द फायर डाइड आउट, राख. द साउंड डाइड अवे, आवाज लांब जात विरला. आणि डाय ऑफ, एकेक करून मरत जाणं, झाडं, म्हातारी पिढी, पेशी. नर्सबाईला मी विचारलं, पेशंटने पेन डाइड डाउन म्हटलं तर तू काय करशील? म्हणाली, निखारे आहेत, तासाभराने परत बघायला येईन. याच्यापुढे मी काय शिकवणार?

वेअर. इफेक्ट वेअर ऑफ होतो. बूट वेअर आउट होतात, आणि माणूसपण, आय अ‍ॅम वोर्न आउट म्हणजे पार दमले. दगडी पायऱ्या वेअर अवे होतात, रोजच्या पावलांनी. आणि तीन रात्री झोप न मिळालेला पेशंट वोर्न डाउन असतो, त्याची प्रतिकार करायची ताकदच झिजलेली असते. ही चौघं तिने शेवटपर्यंत अधूनमधून उलटीसुलटी केली, खोटं कशाला सांगू. सगळ्यात हट्टी चूक म्हणजे द मेडिसिन विल वेअर ऑफ द पेन, म्हणजे तिला म्हणायचं असायचं की औषध दुखणं घालवेल, आणि इंग्लिश कानाला ते ऐकायलाच विचित्र, कारण या अर्थाचं वेअर ऑफ पुढे कर्म घेतच नाही, ते आपोआप होतं, सूर्य मावळतो तसं, सूर्याला कोणी मावळवत नाही. मी शेवटी एवढंच सांगितलं, हे करायचं काम नाही, बघत बसायचं काम आहे.

आणि कट. इथे मला एक खरोखर नेमकं उदाहरण मिळालं जे तिच्याच धंद्यातलं होतं. दारूचं व्यसन आहे का हे चाचपायला डॉक्टर-नर्स चार प्रश्न विचारतात, केज (सी-ए-जी-ई) म्हणतात त्याला, जॉन यूइंग यांनी ते १९८४ मध्ये छापले. त्यातला पहिला सी म्हणजे कट डाउन, दारू कमी केली पाहिजे असं तुम्हाला कधी वाटलंय का. फ्रेंचमध्ये याच चार प्रश्नांचं रूप आहे देता, आणि त्यातला पहिला डी म्हणजे, अर्थातच, दिमिन्युए. नर्सबाईने तो प्रश्न फ्रेंचमध्ये शेकडो पेशंटना विचारलेला. म्हटलं, बघ, एवढ्या एका ठिकाणी तुझं लाडकं दिमिन्युए शंभर टक्के बरोबर आहे, कट डाउन म्हणजे तेच, खाली आणणं, बंद करणं नाही. बंद करणं ते कट आउट. पैशाचं, खर्चाचं, वाढवलेलं परत आवरायचं असेल तर कट बॅक. तिथून पुढे कटमध्ये चूक झाली नाही.

ऑफ मात्र अजून एक भानगड पोटात घेऊन बसला होता. टेपर ऑफ द स्टेरॉइड्स आणि कम ऑफ द स्टेरॉइड्स. तीन आठवड्यांहून जास्त दिवस प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड घेतलं की शरीरातल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आपलं काम विसरतात, एकदम बंद केलं तर माणूस कोसळू शकतो, म्हणून डोस पायरी पायरीने उतरवायचा. ते टेपर. टेपर म्हणजे मुळात बारीक मेणबत्ती, टोकाकडे निमुळती होत जाणारी, तो आकारच क्रियापदात उतरला. कम ऑफ म्हणजे औषध सुटलं, आता घेत नाही, कसं सुटलं ते त्यात सांगितलेलं नाही. दोन्हीत तोच ऑफ, एकात वाट आणि एकात शेवट. पेशंट आय केम ऑफ देम लास्ट वीक म्हणाला तर लगेच पुढचा प्रश्न, डिड यू टेपर ऑफ ऑर जस्ट स्टॉप? हा प्रश्न तिने स्वतः रचला, मी नाही.

उच्चाराचा एक घोळ राहिलाच सांगायचा. फ्रेंचमध्ये ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई असा भेद नाही, त्यामुळे ईज आणि इज दोन्ही एकच ऐकू येतं आणि एकच बोललं जातं. हॅज द पेन ईज्ड ऑफ विचारायला जावं तर समोरच्याला काहीतरी इज ऑफ ऐकू यायचं, आणि जेवणाबद्दल ते म्हटलं तर नासलंय असा अर्थ. आम्ही सरळ लेट अप घेतलं, किंवा नुसतं इज इट एनी बेटर. शिकवणाऱ्यांना हे कमीपणाचं वाटतं पण मला नाही वाटत, वॉर्डात उच्चार सुधारायला वेळ नसतो, वाट बदलणं शहाणपणाचं.

एक गोष्ट मात्र तिने मला शिकवली. रन डाउन शब्द आला तेव्हा मी लांबलचक समजवायला लागले, आजारी असं नाही पण अशक्त, ताकद उतरलेली, तर ती म्हणाली आ प्ला! फ्रेंचमध्ये बॅटरी उतरली, टायर बसला किंवा माणूस गळून गेला, तिन्हीला आ प्ला. आणि इंग्लिशमध्येही बॅटरी रन डाउन होते. मी एवढी वर्षं हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवलेच नव्हते. तसंच झोपेचं, शुद्ध कमी कमी होत जाणं, ते सगळं इंग्लिशमध्ये ऑफने होतं, नॉड ऑफ, डोझ ऑफ, ड्रॉप ऑफ, डोळा लागणं. पण पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणं, आणि नॉड ऑफ की पास आउट हे नर्सने चुकवून चालणारच नाही, तर ते तिने वहीत लाल पेनाने लिहिलं, पट्टी न वापरता.

परीक्षा झाली, बी आला बोलण्यात, ऐकण्यातपण बी, लिहिण्यात सी प्लस, म्हणजे जेवढं लागतं तेवढंच, काठावर. पत्र लिहिण्याच्या पेपरात तिचे कोट-टायवाले शब्द उपयोगीच पडले असतील, तिथे डॉक्टरला लिहायचं असतं, रिड्यूस्ड आणि डिक्रीज्ड तिथे शोभतात. मी तिला कधीच ते शब्द विसर असं सांगितलं नव्हतं, फक्त पेशंटच्या उशाशी ते नकोत एवढंच.

ती लंडनला गेली. दोन महिन्यांनी सकाळी आठच्या सुमाराला मेसेज आला, भलामोठा, फ्रेंच आणि इंग्लिश मिसळून. नाइट शिफ्ट होती, सोबतची नर्स लांबूनच ओरडली, द पंप हॅज गॉन ऑफ इन बेड सिक्स. हिने मनात तक्ता उघडला, ऑफ म्हणजे उतरलं, गळलं, बंद पडलं, म्हणजे पंप बंद पडलाय, म्हणून दुसरा पंप आणायला स्टोअररूमकडे निघाली, आणि मागे सहा नंबरला पंप जिवाच्या आकांताने टीं टीं करत वाजत होता. गो ऑफ म्हणजे अलार्म वाजणं. काही बिघडलं नाही, नळी दुमडली होती, सोबतचीने सरळ केली आणि वर हसली. नर्सबाईचा प्रश्न होता, तू तर म्हणाली होतीस ऑफ म्हणजे मावळणं, मग हे वाजणं कुठून आलं?

मी लिहिलं, अलार्म गो ऑफ म्हणजे वाजतो, बॉम्ब गो ऑफ म्हणजे फुटतो, दूध गो ऑफ म्हणजे नासतं, आणि लाइट गो ऑफ म्हणजे विझतो, शनिवारी फोन कर, बोलू. आणि तो फ्रिजवरचा तक्ता अजून असेल तर कृपा करून काढून टाक.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. तक्ता ल्योंलाच राहिला. आणि त्याखाली, आय अ‍ॅम ड्रॉपिंग ऑफ, बॉन न्युई, सकाळचे साडेआठ वाजलेले.